शब्दचर्चा : 'फ्री स्टेट ऑफ जोन्स'मधला बंडखोर नेमका कोण?

प्रश्न
२०१६ सालचा हा चित्रपट अमेरिकेच्या यादवी युद्धातला आहे. मिसिसिपीतल्या जोन्स काउंटीत न्यूटन नाइट आणि त्याचे साथीदार दक्षिणेच्या गुलामधार्जिण्या सरकारविरुद्ध उठतात. पण त्या काळी 'रेबेल' म्हणत ते दक्षिणेच्याच सैन्याला! सबटायटलमध्ये दोघांनाही 'बंडखोर' म्हटलं, तर कोण कोणाविरुद्ध लढतंय हेच कळत नाही. 'डेझर्टर', 'टॅक्स इन काइंड' आणि 'अप्रेंटिस' यांच्यासाठीही शब्द हवेत.

प्रतिसाद
दक्षिणेची ११ राज्यं संघराज्यातून बाहेर पडली, म्हणून उत्तरेच्या लेखी ते बंड. युद्धाच्या सरकारी कागदपत्रांच्या खंडांना नावही 'वॉर ऑफ द रिबेलियन' असंच दिलं गेलं. मराठीत त्या सैन्याला 'फुटीर' म्हणावं आणि 'बंडखोर' हा शब्द नाइटच्या माणसांसाठी राखून ठेवावा. पहिल्या दहा मिनिटांत एकदा 'फुटीर दक्षिणी सैन्य' असं पूर्ण लिहिलं की पुढे नुसतं 'फुटीर' पुरतं. घटनेला 'उठाव' म्हणा. 'क्रांती' नको, कारण सत्ता उलथली नाही. 'विद्रोही' म्हटलं की मराठी वाचकाला आधी साहित्य आठवतं.

प्रतिसाद
'डेझर्टर'ला 'फितूर' अजिबात नको. फितूर म्हणजे शत्रूला जाऊन मिळालेला, आणि हे लोक तर घरी परतले होते. कायद्याच्या तोंडी 'फरारी', अधिकाऱ्याच्या तोंडी 'पळपुटा', निवेदनात 'सैन्य सोडून आलेले' असं वाटून घ्या. ते का परतले हे समजायला ऑक्टोबर १८६२चा कायदा ठाऊक हवा. सक्तीची सैन्यभरती त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली होती. या कायद्याने २० गुलामांमागे एका गोऱ्या माणसाला तीतून सूट दिली. जोन्स काउंटीत मोठे मळेवाले फारच थोडे, त्यामुळे तिथल्या बहुतेक घरांना ही सूट मिळणं शक्यच नव्हतं. तो संवाद '२० गुलाम असतील तर एकाला भरती माफ' असा ठेवा. 'सवलत' हा शब्द इथे फार सौम्य पडतो.

प्रतिसाद
'टॅक्स इन काइंड'ला आपल्याकडे आयता शब्द आहे, 'ऐनजिनसी'. जुन्या वसुलीच्या कागदांत पैशाऐवजी मालात घेतलेल्या साऱ्याला तो लावत. दक्षिणेच्या एप्रिल १८६३च्या कायद्याने शेतमालाचा दहावा हिस्सा असा घ्यायचा होता. पडद्यावर मात्र 'ऐनजिनसी' वाचता वाचता दृश्य निघून जाईल, म्हणून तिथे 'दहावा हिस्सा' लिहा. शिवाय सैन्यासाठी माल ओढून नेण्याचा कायदा वेगळा होता, मार्च १८६३चा. त्याला 'सक्तीची उचल' म्हणावं. दोन्हींना 'कर' म्हटलं की लुटीची बाजू झाकली जाते.

प्रतिसाद
सगळ्यात जपून हाताळायचा शब्द 'अप्रेंटिस'. 'शिकाऊ उमेदवार' लिहिलंत तर पूर्वी गुलाम असलेल्या मोझेसच्या मुलाला ओढून नेण्याचा प्रसंग समजणारच नाही. युद्ध संपून गुलाम मुक्त झाल्यावर, नोव्हेंबर १८६५मध्ये मिसिसिपीने कायदा केला. १८ वर्षांखालचं काळं मूल अनाथ असेल, किंवा आईबाप त्याला पोसू शकत नाहीत असं न्यायालयाने ठरवलं, तर ते मालकाच्या हवाली. त्यात आधीच्या मालकाला पहिला हक्क. मुलगा २१ वर्षांचा आणि मुलगी १८ वर्षांची होईपर्यंत सुटका नाही, आणि पळाल्यास धरून आणणार. इथे 'बांधून दिलेलं मूल' हेच योग्य.

'सालगडी' सुचेल, कारण मोठ्या माणसांनाही दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवावा लागे. पण सालगडी गेला तर मालक दुसरा शोधतो. तिथे करार मोडणाऱ्याची त्या वर्षाची मजुरी बुडायची. वर त्याला पकडून आणणाऱ्याला ५ डॉलर आणि अंतराप्रमाणे मैलामागे १० सेंट मिळायचे. 'वेठबिगार'सुद्धा पुरता बसत नाही. वेठीला करार नसतो, आणि इथे तर सगळी पिळवणूक कराराच्या कागदावरच उभी होती.

प्रतिसाद
चित्रपटातल्या रेचेल या गुलाम बाईसाठी 'दासी' नको, त्यात पुराणातला राजवाडा दिसतो. पेशवाईच्या कागदांतले 'बटीक' आणि 'कुणबीण' हेही टाळा. पहिला आज शिवीसारखा लागतो, दुसऱ्याचा जातीशी घोळ होतो. 'गुलाम स्त्री' सरळ आहे. प्रथेसाठी 'गुलामी'पेक्षा 'गुलामगिरी' घ्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली याच नावाचं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं. या विषयासाठी इतका रुळलेला दुसरा शब्द मराठीत नाही.

प्रश्नकर्ता
'फुटीर' आणि 'बांधून दिलेलं मूल' घेतो. नाइटच्या माणसांना एकत्रितपणे 'टोळी' म्हणावं का?

प्रतिसाद
नको. ऑक्टोबर १८६३मध्ये त्यांनी नाइटला कॅप्टन निवडलं, हाताखाली अधिकारी नेमले. 'नाइटची कंपनी' असंच ठेवा. फुटीर अधिकाऱ्याच्या तोंडी मात्र 'टोळी' शोभेल, त्याला तेच म्हणायचंय.