केनियाची सफर आणि पिवळं कार्ड: हा जाच आता पुरे?

रानभटक्या: पुतणीच्या लग्नाला नैरोबीत जाऊन आलो. सफारी नाही, जंगल नाही. चार दिवस फक्त हॉल आणि हॉटेल. तरी मुंबईत उतरल्यावर यलो फीवरच्या लसीचं पिवळं कार्ड दाखवा! माझ्याकडे होतं, पण रांगेतल्या एका आजोबांकडे नव्हतं, त्यांना तिथूनच क्वारंटाइनला नेलं. जागतिक आरोग्य संघटना स्वतः म्हणते की फक्त नैरोबी-मोंबासाला जाणाऱ्याला ही लस सहसा लागत नाही. मग आपण अख्ख्या केनियाला एकच माप का लावतो? त्यात हा रोग भारतात नाहीच. माझ्या मते नियम काढून टाकावा. ज्याला भीती असेल तो घेईल लस.

डासवाली: संघटनेचा तो सल्ला तुम्हाला किती धोका आहे याबद्दल आहे. मुंबईतली तपासणी तुमच्यामुळे आम्हाला किती धोका आहे यासाठी. दोन वेगळे हिशेब आहेत, दादा. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डासच यलो फीवरही पसरवतो आणि तो आपल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत सुखाने नांदतोय. कमी आहे ती विषाणूची. डास चावल्यापासून ३ ते ६ दिवसांत ताप येतो, म्हणून क्वारंटाइन ६ दिवसांचं. आणि केनियात २०२२ मध्ये इसिओलोकडे साथ आली होती. तिथला माणूस नैरोबीच्या लग्नाला येत नाही थोडाच?

शंकेखोर: शास्त्र कबूल. पण ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीपुढच्यांना गंभीर त्रास क्वचित होतो, पण होतो. माझी आई ६८ वर्षांची, केनियाला जायचंय तिला, पण डॉक्टरच लसीला का-कू करतायत. शिवाय सीमेवरच्या कडकपणाचं मला फार कौतुक नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमायक्रॉनची बातमी प्रामाणिकपणे दिली आणि बक्षीस काय, तर विमानं बंद. नेदरलँड्समध्ये त्याआधीच घेतलेल्या नमुन्यांतही तो नंतर सापडला!

डासवाली: ओमायक्रॉनबाबत १०० टक्के तुमच्या बाजूने. श्वासातून पसरणारा रोग विमानं थांबवून फार तर थोडा लांबतो. इथे मात्र एका टोचणीने जन्मभराचं संरक्षण मिळतं, २०१६ पासून कार्डही जन्मभर चालतं. त्याच वर्षी अंगोलात साथ होती आणि तिथून परतलेल्या कामगारांबरोबर ११ रुग्ण चीनमध्ये पोचले. आशियात पहिल्यांदाच! पुढे पसरला नाही हे नशीब. लसींचा तर इतका तुटवडा की शेजारच्या काँगोतल्या किन्शासात एकेकाला पाचवा हिस्सा डोस द्यावा लागला. हाच प्रकार ठाण्या-डोंबिवलीत झाला तर कुपी आणायच्या कुठून?

रानभटक्या: चीनचं माहीत नव्हतं. बरं, नियम राहू दे. पण मग मुंबईत उतरल्यावर कशाला अडवता? नैरोबीला विमानात चढतानाच कार्ड बघा की! त्या आजोबांना आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. तिकीट विकणाऱ्याने हॉटेलच्या नाश्त्याची यादी दिली असेल, हे नाही.

डासवाली: यावर वाद नाही. आणि लस निघण्याच्या निदान १० दिवस आधी घ्या, कार्ड दहाव्या दिवसापासूनच ग्राह्य धरतात. लोक आदल्या आठवड्यात धावत येतात.

शंकेखोर: आई परतताना लंडनला ताईकडे पंधरा दिवस राहणार आहे. नियम केनिया सोडल्यापासून ६ दिवसांचाच ना?

डासवाली: हो, मग अडवणार नाहीत. पण केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात गेली तर डास तिला वय विचारणार नाहीत. लसीचं डॉक्टरांशी पुन्हा एकदा नीट बोला.