भाषणाचा वर्ग जरूर घ्या, पण पाठांतरापासून लांब राहा

सांगलीत एफवायला (कॉलेजच्या पहिल्या वर्षाला) असलेल्या भाचीने भाषणाचा वर्ग घ्यावा का, असं इथे विचारलंय. वर दोघांनी लिहिलंय की वक्तृत्व उपजतच लागतं, त्यामुळे तिने त्यात वेळ घालवू नये. मला हे अजिबात पटत नाही. मी कॉलेजच्या मुलांकडून बोलण्याचा सराव करून घेते. तिला बिनधास्त घेऊ दे.

अडचण बहुतेक वेळा पाठांतराची असते. तासगावकडची एक मुलगी ‘पर्यावरण’ या विषयावर दुसऱ्याच वाक्याला अडकली, हातातला कागद थरथरायला लागला. तिला म्हटलं, कागद ठेव आणि तुमच्याकडे बेदाणा कसा करतात ते सांग. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायची, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, पावसाचं सावट आलं की घरात कुणाला झोप नसते... पोरगी थांबेचना! हातवारेसुद्धा आपोआप आले. आपल्याच जिल्ह्यातल्या येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील गावरान बोलीत सभा जिंकायचे, मग आपल्या मुलांनी पुस्तकी मराठीचा धाक का घ्यावा?

सुरुवातीची दोन-तीन वाक्यं तेवढी पक्की हवीत, कारण छातीत धडधड तेव्हाच जास्त असते. पुढे नुसते मुद्दे पुरतात. पाच मिनिटांना साधारण सहाशे शब्द खूप झाले. जास्त लिहिलं की पळापळ होते.

प्रवेशाआधी एवढं मात्र विचारा: प्रत्येकाला उभं राहून बोलायला किती वेळा मिळतं? नुसत्या नोट्स देणार असतील तर दुसरा वर्ग बघा.