मायक्रोफायबर टॉवेल कडक झालेत, पाणी टिपत नाहीत. वाचवता येतील का?

रविवारची_धुलाई:
गाडी पुसायला मायक्रोफायबर टॉवेल वापरतो. नवे होते तेव्हा बॉनेटवरून एकदा फिरवला की पत्रा कोरडा व्हायचा. आता तेच टॉवेल पाणी नुसतं पुढे ढकलतात. काचेवर ओशट पट्टे उठतात, काळ्या रंगावर बारीक लव चिकटून राहते, आणि हाताला टॉवेल खरखरीत लागतात. घरच्या कपड्यांबरोबरच मशीनमध्ये जातात, पावडर आणि कंडिशनर घालून, मग दोरीवर उन्हात. दिसायला अगदी स्वच्छ आहेत. नवे घ्यावे लागतील का? आणि पुढे धुवायचे कसे?

पॉलिशवाला:
घाईने टाकू नका, हे टॉवेल बहुतेक वाचतील. गाड्यांचं पॉलिशिंग हे माझं रोजचं काम आहे, आणि चांगला टॉवेल कचऱ्यात गेलेला मला बघवत नाही.

आधी एक करा. कोरडा टॉवेल टेबलावर पसरा आणि त्यावर पाण्याचे थेंब सोडा. थेंब लगेच आत शिरला तर तंतू मोकळे आहेत. मण्यासारखा वर बसून राहिला तर तंतूंवर कसलातरी थर चढलाय. तुमच्या बाबतीत तो वर बसेल असं वाटतं, आणि थर कंडिशनरचा असणार.

कारण असं. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड यांचं मिश्रण, बहुतेक टॉवेलांत 80/20 किंवा 70/30. तंतू इतका बारीक, की 9000 मीटर लांबीचं वजन 1 ग्रॅमच्या आत भरतं. चांगल्या टॉवेलमध्ये तो कारखान्यातच उभा चिरलेला असतो, आणि पाणी, धूळ, पॉलिशची भुकटी हे सगळं त्या चिरांमध्ये धरलं जातं. कंडिशनरचं कामच धाग्यावर स्निग्ध थर बसवण्याचं. कॉटनच्या शर्टाला त्याने मऊपणा येतो, इथे मात्र चिरा बुजतात. मग टॉवेल पाणी घेत नाही आणि काचेवर तोच ओशटपणा उतरतो.

उपाय: कोमट पाण्यात, 40 अंशांच्या आसपास, थोडं लिक्विड डिटर्जंट घालून टॉवेल दोन-तीन तास भिजत ठेवा. मग मशीनमध्ये फक्त हेच टॉवेल, कंडिशनर अजिबात नाही, आणि शेवटी एक जादा रिन्स. डिटर्जंट नेहमीपेक्षा कमीच घाला, कारण न खळबळलेलं डिटर्जंटही वाळल्यावर टॉवेल कडक करतं. वाळला की पुन्हा थेंब सोडून बघा. पहिल्या धुण्यात सगळा थर निघेलच असं नाही, निघेपर्यंत हेच करत राहायचं. पावडर थंड पाण्यात पुरती विरघळली नाही तर तिचे दाणे लवेत अडकून बसतात, म्हणून लिक्विड. क्लोरीनचं ब्लीच पॉलिअमाइड खाऊन टाकतं, त्याला हात लावू नका.

काळ्या रंगावरची लव बहुधा टॉवेलची नाहीच, ती कॉटनच्या कपड्यांची. मायक्रोफायबर धुळीला धरतो तसाच बनियनच्या लवेलाही धरतो, आणि ती पुढे गाडीवर सोडतो. वेगळे धुवायला लागलात की हे हळूहळू थांबेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. डिटर्जंट कोणतं यावर लोक खूप डोकं खर्च करतात, पण टॉवेल बिघडतो तो धुण्याच्या आधी, ढिगात. चाकं पुसलेल्या टॉवेलात ब्रेकची धूळ असते, म्हणजे लोखंडाचे बारीक, कडक कण. तो टॉवेल गाडीचा रंग पुसायच्या टॉवेलांसोबत एका बादलीत पडला की ते कण सगळ्यांत वाटले जातात, आणि मशीन ते पूर्ण काढेल याची खात्री नसते. पुढच्या वेळी तेच कण क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर फिरतात आणि उन्हात गोल-गोल जाळीसारखे ओरखडे दिसतात. म्हणून चाकांच्या टॉवेलचा रंग वेगळा, गाडीच्या रंगावर फिरवायच्या टॉवेलचा वेगळा, काचेचा वेगळा, आतल्या डॅशबोर्डचा वेगळा, आणि वापरून झाल्यावर टाकायच्या बादल्याही वेगळ्या. जमिनीवर पडलेला टॉवेल कितीही चांगला असो, माझ्याकडे तो धुतल्यानंतर चाकांच्या गठ्ठ्यात जातो. परत वर येत नाही.

निळी_हॅचबॅक:
दादा, आमच्याकडे पाणी खूप जड आहे. शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घातलं तर चालेल ना? आणि ड्रायर वापरू का?

पॉलिशवाला:
ताई, पाणी जड असेल तर व्हिनेगरचा उपयोग आहे. त्यातलं आम्ल कॅल्शियमचे क्षार विरघळवतं, आणि टॉवेल कडक होण्यामागे बऱ्याचदा हेच क्षार असतात. साधं पांढरं व्हिनेगर, थोडंच, आणि डिटर्जंट पूर्ण निघाल्यानंतर. दोन्ही एकत्र घातलं तर एकमेकांचं काम बिघडवतात. नंतर साध्या पाण्यात खळबळून घ्या. पण वॅक्स किंवा तेल व्हिनेगरने जाणार नाही, त्याला डिटर्जंटच हवं.

ड्रायर चालेल, सगळ्यात कमी तापमानावर. पॉलिस्टर वितळायला 250 अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ते 70-80 अंशांच्या पुढेच मऊ पडू लागतं. त्या अवस्थेत वाकलेलं तंतूचं टोक थंड झाल्यावर तसंच वाकडं राहतं, आणि हे धुऊन दुरुस्त होत नाही. इस्त्री तर नकोच. दोरीवर वाळवायचे तर सावलीत, वाऱ्यावर, आणि घडी घालण्याआधी जोरात झटका. निम्मा खरखरीतपणा झटकण्यानेच जातो.

कोटिंग_आणि_काच:
एक भर घालतो. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर संरक्षणासाठी लावायचं द्रव, पुसलेला टॉवेल या सगळ्यातून बाहेर ठेवा. कोटिंग तंतूंवर सुकून काचेसारखं कडक होतं. मी वापर संपताच तो पाण्यात बुडवतो, मग धुऊन दारांच्या कडा आणि इंजिनखाना पुसायला ठेवतो.

पॉलिशवाला:
लगेच पाण्यात टाकणं योग्यच. मी मात्र कोटिंगसाठी आखूड लवेचे साधे टॉवेल घेतो आणि काम झालं की टाकून देतो. तुमचा टॉवेल इंजिनखान्यात राहतोय तोवर हरकत नाही, पण घडी घातल्यावर तो इतरांसारखाच दिसतो. कोपऱ्यावर मार्करने मोठी खूण करून ठेवा.

रविवारची_धुलाई:
थेंब सोडून पाहिले. तुम्ही म्हणालात तसेच मण्यासारखे बसले. भिजवून, वेगळे धुऊन बहुतेक टॉवेल पुन्हा पाणी ओढायला लागले, काचेचे पट्टेही गेले. दोन जाड टॉवेल मात्र अजून मधोमध थेंब अडवतात, कडांना घेतात. ते वॅक्स पुसायला वापरलेले आहेत.

पॉलिशवाला:
मग मधोमध वॅक्सच आहे, कारण पुसताना हात तिथेच दाबला जातो. त्या जागेवर लिक्विड डिटर्जंट सरळ ओता, बोटांनी हलकं चोळा, ब्रश लावू नका, अर्ध्या तासाने कोमट पाण्यात धुवा. यापुढे वॅक्स पुसताना टॉवेलला दोनदा घडी घाला. उलटसुलट करून आठ बाजू मिळतात आणि वॅक्स एका जागी साचत नाही. त्याच दिवशी धुवा, सुकलेलं वॅक्स फार चिवट असतं. आणि या दोघांवरचे शिवलेले लेबल अजून असतील तर आताच कापून टाका, त्याची कड रंगावर ओरखडा काढते.