क्रँक सेन्सर नवा बसवूनही गाडी सुरू होत नाही. वायरिंग कुठून तपासावे?

प्रश्न (सानपाडा, नवी मुंबई)

नमस्कार. माझी २०१६ सालची पेट्रोल गाडी पावसाळाभर उघड्यावर उभी होती आणि आता ती सुरूच होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवते, टाकीत पेट्रोलही आहे. पण इंजिन पकडत नाही. स्कॅनरवर पी०३३५ हा क्रँकशाफ्ट सेन्सरच्या (इंजिनाच्या फिरण्याची गती व स्थिती कळवणाऱ्या सेन्सरच्या) सर्किटचा कोड आल्यामुळे गॅरेजमध्ये तो सेन्सर बदलला, तरी कोड कायम आहे. जोडीला मॅप सेन्सरचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) पी०१०७ आहे, परंतु त्याचा याच्याशी संबंध नाही असे मला सांगण्यात आले. आता ईसीयू (इंजिनाचा संगणक) बदलण्याचा सल्ला मिळतो आहे. तो मोठा खर्च करण्यापूर्वी साध्या डिजिटल मल्टीमीटरने वायरिंग कसे तपासावे, याचे मार्गदर्शन कृपया करावे.

उत्तर (नौपाडा, ठाणे)

ईसीयूला तूर्त कोणालाही हात लावू देऊ नका. पी०३३५ हा कोड सेन्सर खराब आहे असे सांगत नाही. सेन्सर, त्याच्या तारा, कपलर (तारा सेन्सरला जोडणारा प्लग) आणि ईसीयू या साखळीत कुठेतरी बिघाड आहे, एवढेच तो सांगतो. तुमच्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बाजूला सारलेला पी०१०७. मॅप सेन्सरकडून येणारा व्होल्टेज फार कमी आहे, असा त्याचा अर्थ. इंजिनाच्या दोन वेगळ्या ठिकाणचे सेन्सर एकाच वेळी निकामी होणे दुर्मीळ असते. त्यांना मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा मात्र अनेक गाड्यांत एकच असतो, आणि त्यातली एक तार बॉडीला टेकली की त्या लाइनवरचे सगळे सेन्सर एकदम गप्प होतात.

मॅप सेन्सरचा कपलर काढा, इग्निशन ऑन करा आणि हार्नेसच्या (तारांच्या जुडग्याच्या) बाजूने पुरवठा व अर्थिंग (ग्राउंड) या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. तिथे साधारण ५ व्होल्ट हवेत. ते नसतील तर मीटर तिथेच ठेवून थ्रॉटल, एसी गॅसचा प्रेशर सेन्सर असे त्या लाइनवरचे कपलर चावी बंद करून एकेक काढा आणि दर वेळी पुन्हा मोजा. व्होल्टेज परत आला, तर दोष शेवटी काढलेल्या सेन्सरमध्ये आहे. सगळे काढूनही आला नाही, तर बहुधा हार्नेसमध्येच. क्रँक सेन्सर तीन पिनांचा असेल तर त्याचाही पुरवठा पाहा, पण काही गाड्यांत तो १२ व्होल्टचा असतो, म्हणून आधी वायरिंगचा नकाशा मिळवा.

उत्तर (ऐरोली)

वरील पद्धत योग्य आहे. माझी एकच कळकळीची विनंती: मोजण्यासाठी तारेच्या आवरणात सुई टोचू नका. खाडीकाठच्या दमट हवेत त्या छिद्रातून ओल शिरते आणि काही महिन्यांनी आतले तांबे हिरवे पडते. मीटरचे टोक कपलरच्या मागून अलगद लावावे. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर आसरा घेतात, त्यामुळे इंजिनाच्या कोपऱ्यांत चिंध्या किंवा लेंड्या दिसतात का, तेही पाहा.

प्रश्नकर्ते (सानपाडा)

मॅपवर जेमतेम ०.२ व्होल्ट मिळाले आणि सगळे कपलर काढूनही त्यात फरक पडला नाही. मग रेडिएटरजवळ एसी प्रेशर सेन्सरकडे जाणाऱ्या तारांची टेप उघडली. तिथे उंदराने कुरतडलेली पुरवठ्याची तार लोखंडी पट्टीला टेकलेली होती. ती दूर करताच ५ व्होल्ट आले, कपलर जोडल्यावर गाडी सुरूही झाली. आता जोड कसा द्यावा?

उत्तर (नौपाडा, ठाणे)

फार छान झाले. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, आतले तांबे लख्ख दिसेपर्यंत खराब भाग कापा. तेवढ्याच जाडीच्या तारेचा तुकडा क्रिंप (धातूची नळी दाबून) किंवा सोल्डर करून जोडा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी बसवा. नुसती टेप इथल्या हवेत टिकत नाही. जोड त्या पट्टीपासून दूर बांधा. नंतर कोड पुसा आणि एसी लावून गाडी चालवून ते परत येतात का ते पाहा. उंदीर सहसा एकाच तारेवर थांबत नाही, म्हणून त्या जुडग्याची टेप दोन्ही बाजूंनी वीतभर आणखी उघडा आणि प्रत्येक तार बोटांनी चाचपून पाहा.