मदत हवी आहे: सिझकॉलरने पकडलेली पेज अ‍ॅलोकेटरची वॉर्निंग, दुरुस्ती नेमकी कुठे करावी?

नमस्कार मंडळी,

लिनक्स कर्नलच्या एका कॅरेक्टर डिव्हाइस ड्रायव्हरवर क्यूईएमयूमध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) सिझकॉलर, म्हणजे यादृच्छिक सिस्टिम कॉल करून बग शोधणारं साधन, चालवतोय. त्यात मेमरीची पानं वाटून देणाऱ्या पेज अ‍ॅलोकेटरमधली वॉर्निंग येते. पॅनिक-ऑन-वॉर्न (वॉर्निंग आली की कर्नल थांबवणारी सेटिंग) चालू असल्याने मशीन तिथेच कोसळते.

स्टॅक ट्रेसवरून कारण स्पष्ट दिसतं. आयऑक्टलमधून (डिव्हाइसला आज्ञा देणारा सिस्टिम कॉल) युजरने दिलेली लांबी ड्रायव्हर न तपासता थेट केमॅलॉकला (कर्नलमध्ये सलग मेमरी मागणारं फंक्शन) देतो. एक्स८६ वर ४ केबीची पानं आणि कमाल ऑर्डर १० (एका वेळी सलग २ चा १० वा घात, म्हणजे १०२४ पानं), म्हणजे सलग ४ एमबीच्या वर मागितलं की वॉर्निंग. केसॅनची (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं साधन) तक्रार नाही, म्हणजे मेमरी बिघडत असल्याचं तरी दिसत नाहीये. तरी साध्या युजरला कर्नल पाडता येणं मला गंभीर वाटतं.

पर्याय तीन दिसतात: नो-वॉर्न फ्लॅग (वॉर्निंग न छापण्याची खूण) लावणे, केव्हीमॅलॉक (सलग मेमरी न मिळाल्यास विखुरलेली पानं जोडून देणारं फंक्शन) वापरणे, किंवा लांबीवर मर्यादा घालणे. पहिल्याने आवाज फक्त बंद होतो, म्हणून तो मनाला पटत नाही. पण मेमडप-युजरमध्ये (युजरचा डेटा कर्नलमध्ये कॉपी करणारं फंक्शन) कर्नल स्वतःच तो फ्लॅग वापरतं, तेव्हा त्यामागचा विचार कोणी समजावेल का? मर्यादा घातली तर जुने प्रोग्रॅम मोडण्याची धास्ती आहे, कारण प्रोटोकॉलमध्ये कमाल लांबी कुठेच लिहिलेली नाही.

पॅनिक बंद ठेवून सी रिप्रोड्यूसर (बग पुन्हा घडवणारा छोटा सी प्रोग्रॅम) चालवणाऱ्यांसाठी: ही वॉर्निंग बूटमागे एकदाच छापली जाते. पुन्हा पाहायची तर डीबगएफएसमधल्या (कर्नलची डीबगिंगसाठीची फाइल सिस्टिम) क्लिअर-वॉर्न-वन्स फाइलमध्ये १ लिहा.

मेंटेनरकडे पॅच पाठवण्याआधी अनुभवी लोकांचं मत हवंय. तुम्ही असता तर काय केलं असतं?