साधं इंग्रजी शिकवताना सुरुवात कुठून करावी? (करारनामे, नोटिसा, ऑफिसच्या मेल)

शनिवारची_बॅच, पुणे
दर शनिवारी दीड तास, असे ८ वर्ग. पंधरा-वीस जण आहेत: शिवाजीनगर कोर्टात नुकतेच जाऊ लागलेले वकील, सीएंकडे उमेदवारी करणारे आर्टिकल, हिंजवडीतल्या कंपन्यांत कॉन्ट्रॅक्ट बघणारी मुलं. बहुतेक मराठी माध्यमाची. व्याकरण बरं आहे, पण लिहायला बसली की 'हिअरइनआफ्टर', 'द सेड', 'डू द नीडफुल' सुरू. सोपं लिहा म्हटलं तर म्हणतात, "सर विचारतील, हे काय व्हॉट्सॲप आहे का?" पहिल्या वर्गात काय घ्यावं? आणि वर्डमधल्या रीडेबिलिटी स्कोअरवर गुण द्यावेत का?

मसुदेकार
स्कोअरचं आधी उरकतो. वर्डचा स्कोअर ज्यावर निघतो ते फ्लेशचं सूत्र दोनच गोष्टी मोजतं: वाक्यात शब्द किती आणि शब्द उच्चारायला किती लांब. अर्थ त्याला कळत नाही. छोट्या शब्दांत केलेला गोंधळही तिथे उत्तम गुणांनी पास होतो. लांबलेली वाक्यं हुडकायला वापरा, गुण द्यायला नको.

पहिल्या वर्गात नियम सांगूच नका. लिव्ह अँड लायसन्समधलं एक कलम फळ्यावर लिहा:

"इन द इव्हेंट ऑफ फेल्युअर ऑन द पार्ट ऑफ द लायसेन्सी टू मेक पेमेंट ऑफ द सेड कॉम्पेन्सेशन ऑन ऑर बिफोर द ड्यू डेट, द सेम शॅल बी कन्स्ट्रूड ॲज ब्रीच."

(लायसेन्सी म्हणजे जागा वापरायला घेणारा, लायसेन्सर म्हणजे देणारा, कॉम्पेन्सेशन म्हणजे त्याबद्दलचे दरमहा पैसे.) आता मराठीत विचारा: कोणी, काय, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय? पहिल्या दोहोंची उत्तरं लगेच येतात. 'ड्यू डेट' कुठली, हे करार चाळूनही बऱ्याचदा सापडत नाही. आणि 'ब्रीच', म्हणजे करारभंग, झाला तर पुढे काय? व्याज, नोटीस, की घर खाली करायचं? इथे सगळे गप्प होतात. मग लिहायला सांगा:

"इफ द लायसेन्सी डज नॉट पे द मंथली कॉम्पेन्सेशन बाय द फिफ्थ, द लायसेन्सर मे एंड धिस लायसन्स बाय गिव्हिंग फिफ्टीन डेज रिटन नोटिस."

३१ शब्दांचे २४ झाले. सातच कमी, पण तारीख आणि परिणाम दोन्ही आत आले. मात्र ५ तारीख आणि १५ दिवस मुलांनी मनानं घालायचे नाहीत. समासात प्रश्न टाकायचा आणि पक्षकाराला विचारून घ्यायचं.

लायसेन्सर-लायसेन्सीत एका अक्षराच्या चुकीनं पार्टी बदलते. आपल्या खरेदीखतातले 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' त्या मानानं फार शहाणे. पहिला खर्डा पक्षकारांच्या नावांनीच लिहायला लावा, पदनामं शेवटी घाला.

लाल_शाई
वर 'कॉम्पेन्सेशन' तसाच ठेवलाय ते बरं केलंत. सोपं करण्याच्या नादात मुलं तिथे 'रेंट' आणि 'टेनंट' लिहून मोकळी होतात. लायसन्सची व्याख्या १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टच्या कलम ५२ मध्ये आहे, लीजची (भाडेपट्ट्याची) ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम १०५ मध्ये. कोर्ट नुसत्या शब्दावर जात नाही, आशय बघतं, हे खरं. पण भाडेकरू असल्याचा मुद्दा समोरच्या वकिलाला आयता कशाला द्यायचा? 'कंडिशन' आणि 'वॉरंटी'चंही तेच: १९३० च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टच्या कलम १२ नं दोघांना वेगळे अर्थ दिलेत. असे शब्द आधी अधोरेखित करायचे आणि त्यांना हात लावायचा नाही.

बाकी बराचसा धूर असतो. १०६६ नंतर इंग्लंडात फ्रेंच आली आणि 'गुड्स अँड चॅटल्स'सारख्या (पहिला इंग्रजी, दुसरा फ्रेंच, अर्थ जवळपास एकच) दोन भाषांच्या जोड्या दस्तऐवजांत मुरल्या. आपलं 'कागदपत्र' तसंच, कागद फारसी नि पत्र संस्कृत. हे सांगितलं की जोडीतला एक शब्द गाळायची भीती जाते.

'शॅल'साठी एकच चाचणी: त्याच्या जागी 'हॅज अ ड्यूटी टू' घालून वाचा. बसलं तर 'मस्ट' लिहा. 'द ॲग्रीमेंट शॅल कमेन्स'मध्ये बसत नाही, करारावर कसलं आलंय कर्तव्य? तिथे 'स्टार्ट्स ऑन' पुरे. 'मे नॉट' मात्र टाळा. मनाई आहे की नुसती शक्यता, ते कळत नाही.

फाइल_नं_७
'द सेड' इंग्रजीतून आलाय असं मला वाटत नाही. तो आपला 'सदर' आहे. 'सदर अर्जाची तपासणी करण्यात आली' डोक्यात, म्हणून हातातून 'इन्स्पेक्शन ऑफ द सेड ॲप्लिकेशन वॉज कॅरीड आउट'. तपासणी केली कोणी? दोन्हीकडे पत्ता नाही. आधी मराठी वाक्याला कर्ता द्यायला लावा, इंग्रजी आपोआप सुधारतं. पॅसिव्हवर सरसकट काट मारू नका मात्र. दस्त कधी नोंदवला एवढंच सांगायचं असेल तर 'वॉज रजिस्टर्ड ऑन' ठीकच आहे.

हिंजवडीवाल्यांसाठी: ०३/०४ ही आपली ३ एप्रिल, अमेरिकन क्लायंटची ४ मार्च. महिना अक्षरात लिहा. 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणं हे आपल्याकडे. बाहेरचा माणूस 'पूर्वस्थितीला जाणं' समजतो. 'डू द नीडफुल'च्या जागी नेमकं काम आणि तारीख.

शनिवारची_बॅच
आभार. 'सर काय म्हणतील'चं काय करू?

मसुदेकार
मुलांना म्हणावं, सरांना २०१७ ची गोष्ट सांगा: हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाचा एक निकाल इंग्रजीच कळत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं रद्द करून परत पाठवला होता. आणि मुलांना सांगा, साधं म्हणजे सलगीचं नव्हे. 'डोन्ट' नको, 'डू नॉट' लिहा. 'डिअर सर' राहू दे. शेवटच्या वर्गात प्रत्येकाचा खर्डा ज्यानं तो पाहिलेला नाही अशा माणसाला द्या. दोन मिनिटांनी कागद पालथा घालून तीन प्रश्न: पैसे किती, कधीपर्यंत, चुकलं तर काय. एक जरी उत्तर अडलं तरी ते कलम परत लिहायचं.