रेबेल रॅलीसाठी 1999 ची चेरोकी: गाडीत काय बदलायचं, नकाशाचा सराव कसा करायचा?

सह्यवाट

आम्ही दोघी मैत्रिणी कॅलिफोर्नियात राहतो. अमेरिकेतल्या रेबेल रॅलीत (फक्त बायकांची, नेवाडा-कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली) 4x4 गटात उतरायचं ठरवलंय. गाडी जुनी आहे: 1999 ची जीप चेरोकी, 4.0 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एनपी 231 ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी), पावणेदोन लाख मैल झालेली. आधीच्या मालकाने गाडी दोन इंच उचलून (लिफ्ट) 31 इंची टायर घातले आहेत.

मुंबईच्या ‘वुमेन्स रॅली टू द व्हॅली’सारख्या टीएसडी (वेळ-वेग-अंतर) रॅलींचा दोघींना सराव आहे, म्हणजे रोडबुक (रस्त्याच्या सूचनांची वही), ट्यूलिप (त्यातली वळणांची छोटी चित्रं) आणि सरासरी वेग येतो. पण इथे फोन आणि जीपीएस काढून घेतात, हातात नकाशा, होकायंत्र आणि अक्षांश-रेखांशांची यादी. त्याची ओळख नाही.

गाडीसाठी चार हजार डॉलर बाजूला काढलेत. विंच (रुतलेली गाडी ओढायची चरखी), मागचा लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग), नवे शॉक, यातलं आधी काय? आणि आठ दिवसांत सुमारे अडीच हजार किलोमीटर ही गाडी निघेल का?

इंजिनघर

गाडी निघेल. या इंजिनाचा खालचा भाग दणकट आहे, दगा देतात ते आजूबाजूचे भाग. विंच आणि लॉकर दोन्ही तूर्त विसरा. ही रॅली वेगाची नाही, अशक्य चढ चढण्याचीही नाही. गाडीने रोज दहा-बारा तास, गरम न होता, तक्रार न करता चालावं एवढीच अपेक्षा. पैसा या क्रमाने घाला.

पहिलं कूलिंग. वाळूत लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणारा गिअर) ताशी दहा मैलांनी वर जाताना रेडिएटरला वारा लागत नाही आणि इंजिन पूर्ण जोरात असतं. मूळ रेडिएटर अजून तोच असेल तर आतून निम्मा चोंदलेला समजा. रेडिएटर, वॉटर पंप, वरचा-खालचा होज, 16 पीएसआयचं (दाबाचं एकक) झाकण आणि फॅन क्लच (पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग) एकदमच बदला. फॅन क्लच तपासायला इंजिन पूर्ण गरम करून बंद करा आणि पंखा हाताने फिरवा. मोकळा गरगर फिरला तर क्लच गेला, थोडा अडायला हवा. एसी लावल्यावर शेजारचा इलेक्ट्रिक पंखा सुरू होतो का तेही बघा. थर्मोस्टॅट 195 अंश फॅरनहाइटचाच ठेवा. गाडी तापते म्हणून लोक 160 चा घालतात, त्याने काही साधत नाही. थर्मोस्टॅट फक्त कधी उघडायचं ते ठरवतो, उघडल्यावर उष्णता बाहेर टाकायचं काम रेडिएटरचंच.

दुसरं, गिअरबॉक्सच्या तेलाला रेडिएटरच्या पुढे वेगळा कूलर. वाळूत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) सतत घसरतो आणि तेल इंजिनाच्या आधी तापतं. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध असताना गिअरबॉक्स करपलेला असू शकतो.

तिसरं, स्टिअरिंग. पुढच्या चाकांना 45-50 मैलांवर थरथर सुटत असेल तर स्टिअरिंग डॅम्पर बदलून थरथर झाकू नका. एकीने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं, दुसरीने गाडीखालून ट्रॅक बारच्या (पुढची चाकं आडवी सरकू न देणारा दांडा) बॉडीकडच्या बॉल जॉइंटवर हात ठेवायचा. तिथे टकटक जाणवली की दोषी सापडला. त्याच वेळी स्टिअरिंग बॉक्सकडे बघा. या गाडीला वेगळी चेसिस नाही, 31 इंची टायरांनी बॉक्सच्या बोल्टांभोवती पत्र्याला भेगा जातात. भेग असेल तर वेल्डिंग करून घ्या, नसली तरी ब्रेस लावा.

चौथं, क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर (इंजिन कसं फिरतंय ते कळवणारा). हा भाग या गाडीचं नाव खराब करतो. गरम झाल्यावर इंजिन अचानक बंद, स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, अर्ध्या तासाने थंड झाल्यावर जणू काहीच झालं नाही. नवा लावा आणि चांगल्या अवस्थेतला एक सुटा जवळ ठेवा. तो बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं आवरण) मागच्या बाजूला बसतो. 11 मिलिमीटरचा सॉकेट आणि दोन फुटांचं एक्स्टेन्शन लागतं, ते नसेल तर सुटा सेन्सर असून नसल्यासारखा. घरी एकदा दोघींनी काढून-घालून बघा.

मागचा अ‍ॅक्सल कोणता तेही बघा. डिफरेन्शियलचं (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरपेटीचं) कव्हर लंबगोल आणि त्यावर रबरी बूच असेल तर डाना 35, खालची कडा सपाट असेल तर क्रायस्लर 8.25. डाना 35 असेल तर लॉकरचा विचार कायमचा सोडा, जास्तीचा ताण त्याच्या शाफ्टवर जातो.

नकाशावाली

इंजिनघर यांनी गाडीचं सांगितलं, मी नेव्हिगेशनचं सांगते. गुण तिथेच मिळतात नि जातात.

चेकपॉइंट तीन प्रकारचे असतात. हिरव्यांना मोठे झेंडे, ते सापडतात. निळ्यांना लहान खूण. काळ्यांना जमिनीवर काहीच नसतं. तुम्ही म्हणायचं की आपण नेमक्या इथे आहोत आणि ट्रॅकरवरून सिग्नल द्यायचा. एकदा दिलेला सिग्नल मागे घेता येत नाही, आणि काळ्याच्या बाबतीत फार दूर दिला तर गुण कापतात. प्रत्येक चेकपॉइंट उघडण्या-बंद होण्याची वेळही असते. म्हणून टीएसडीतली सवय इथे उलटी करावी लागते: वेळ पाळायची आहे, पण पुढे पळायचं नाही.

आता बिंदू टाकणं. 1:100,000 च्या नकाशावर 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 100 मीटर. बोथट पेन्सिलची रेघच अर्धा मिलिमीटर असते, तेव्हा 0.5 ची यांत्रिक पेन्सिल वापरा. अक्षांशाचं एक मिनिट 1,852 मीटर, म्हणजे नकाशावर साडेअठरा मिलिमीटर, सगळीकडे सारखं. रेखांशाचं मिनिट मात्र उत्तरेकडे आखूड होत जातं: 33 अंशांवर सुमारे 1,553 मीटर, 36 वर 1,498, 39 वर 1,439. रॅली उत्तरेकडून दक्षिणेकडे येते, त्यामुळे पहिल्या दिवशीची रेखांशाची पट्टी शेवटच्या दिवशी चालत नाही. एकच पट्टी दोन्हींना वापरणं ही नवख्यांची ठरलेली चूक.

आपल्याकडे शिकलेल्यांसाठी एक खास धोका. भारतात रेखांश पूर्वेचे, आकडा उजवीकडे वाढतो. इथे पश्चिमेचे, डावीकडे वाढतो. थकलेल्या डोक्याने पहाटे पाच वाजता बिंदू रेषेच्या भलत्या बाजूला पडतो. बिंदू एकीने टाकला की दुसरीने यादी न बघता नकाशावरून आकडे वाचून दाखवायचे आणि पहिलीने यादीशी ताडायचे. सगळे बिंदू पुन्हा टाकण्यापेक्षा हे लवकर होतं आणि चूक पकडली जाते.

होकायंत्र: तिथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला साधारण 11 ते 13 अंश आहे. नकाशावर मोजलेल्या कोनातून तेवढे वजा केले की होकायंत्रावरचा कोन मिळतो. उलट जाताना मिळवा. 12 अंश विसरलात तर पाच किलोमीटरवर तब्बल एक किलोमीटर बाजूला पोचता. चालू वर्षाचा आकडा घ्या, नकाशा जुना असेल तर त्यावर छापलेला घेऊ नका.

आपण कुठे आहोत हे कळत नसेल तर दोन ओळखीची शिखरं निवडा, एकमेकांपासून साधारण 90 अंशांवर. प्रत्येकाचा कोन घ्या, 12 मिळवा, मग 180 मिळवा (360 च्या वर गेलं तर 360 वजा करा) आणि शिखरापासून त्या दिशेने रेघ ओढा. रेघा छेदतील तिथे तुम्ही. शिखरं 30 अंशांच्या आत असतील तर छेद लांबोळका होतो, त्यावर भरवसा नको.

सह्यवाट

इंजिनघर, नकाशावाली, फार आभार. अ‍ॅक्सल बघितला, क्रायस्लर 8.25 निघाला. दोन शंका. होकायंत्र डॅशबोर्डवर चिकटवलं तर चालेल का? आणि आमचा ओडोमीटर मैलात आहे, शिवाय टायर मोठे, त्यामुळे अंतर किती खरं?

नकाशावाली

डॅशबोर्डवरचं होकायंत्र गाडी एका रेषेत चालली आहे का एवढंच सांगेल. कोन घ्यायला उतरायचं आणि गाडीपासून 10-15 मीटर दूर जायचं. पोलादी गाडीजवळ सुई कितीही सरकते, बोनेटवर टेकून घेतलेला कोन तर कामाचाच नाही. ब्राची अंडरवायर, घड्याळ, कॉलरच्या लोहचुंबकी बटणांनीही सुई हलते, हे कोणी सांगत नाही.

ओडोमीटरचं गणित सोपं आहे, पण घरी करून जायला हवं. तुमच्या गाडीला कारखान्यातून 225/75 आर15 टायर होते, व्यास 28.3 इंच. 31 इंची टायरमुळे ओडोमीटर आठ-नऊ टक्के कमी दाखवतो. हायवेवर मैलांच्या पाट्यांशी दहा मैल ताडा, रॅलीत ठेवाल तेवढंच सामान आणि हवा ठेवून. समजा ओडोमीटरने 9.2 दाखवले. 10 भागिले 9.2 म्हणजे 1.087. त्याला 1.609 ने गुणलं की 1.75. म्हणजे दाखवलेला प्रत्येक मैल 1.75 किलोमीटर आणि 0.1 मैल 175 मीटर. नकाशावर पुढचं वळण 4.2 किलोमीटरवर असेल तर काटा 2.4 मैल पुढे गेला की थांबून आजूबाजूला बघायचं. हे कोष्टक 0.1 पासून 5 मैलांपर्यंत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. पाट्या कधी कधी सरकवलेल्या असतात, तेव्हा वेगवेगळ्या रस्त्यांवर दोन-तीनदा करा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. वाळूत चाकं जागेवर फिरतात, म्हणून तिथे ओडोमीटर जास्त दाखवतो, कमी नाही. टेकड्यांच्या पट्ट्यात अंतरावर विसंबू नका, शिखरांचे कोन घ्या.

इंजिनघर

ओडोमीटर मुळातच दुरुस्त करता येतो. ट्रान्स्फर केसच्या मागे स्पीडोमीटरचा प्लास्टिकचा छोटा गिअर आहे. मोठ्या टायरला त्याहून कमी दातांचा लागतो. बदलताना त्या गिअरचं आवरण दातांच्या संख्येप्रमाणे योग्य खुणेवर फिरवावं लागतं, नाहीतर गिअर नीट बसत नाही आणि झिजतो. चाकावरच्या सेन्सरचा, जीपीएस नसलेला ट्रिपमीटर लावायचा असेल तर यंदाच्या नियमावलीत परवानगी बघा. जुन्या गाडीचा एक फायदा आहे बरं का, बंद करायला किंवा झाकायला अंगचा नेव्हिगेशन स्क्रीनच नाही.

रेतीघाट

वाळूबद्दल कोणीच बोललं नाही. शेवटचा टप्पा इम्पीरियल सँड ड्यून्समध्ये असतो, जुन्या गाड्या तिथेच अडकतात.

टायरची हवा 15 पीएसआय. तरी रुतली तर 12, त्याखाली साध्या रिमवरून टायर निसटतो. खडकाळ रस्त्याला 22-25. म्हणजे दिवसात दोन-तीनदा हवा सोडणं-भरणं आलं. कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर लावू नका, मोठा कॉम्प्रेसर 30 अँपिअरच्या आसपास घेतो आणि सॉकेटचा फ्यूज उडतो. थेट बॅटरीला चिमटे, इंजिन चालू.

टेकडीची वाऱ्याकडची बाजू उताराला सौम्य आणि घट्ट, दुसरी मऊ आणि 32-34 अंशांची. चढायचं सरळ, उतरायचं सरळ, आडवं कधीच नाही. माथ्याआधी थांबायचं तर नाक उताराकडे राहील असं थांबा. एकीने चालत जाऊन पलीकडे बघितल्याशिवाय माथा ओलांडू नका. ब्रेक मारून थांबलात तर चाकांपुढे वाळूचा ढीग जमतो आणि निघताना तोच आडवा येतो. अ‍ॅक्सेलरेटर सोडा, गाडी आपोआप थांबते. आणि जमिनीपासून आठ फूट उंच झेंड्याची काठी तिथे सक्तीची आहे, ती घरूनच बांधून न्या.

चाक एक फेरी नुसतं फिरलं की पाय काढा. आणखी दहा सेकंद दाबलंत तर अ‍ॅक्सल टेकतो आणि पाच मिनिटांचं काम तासाचं होतं. मग चारही चाकांपुढची आणि डिफरेन्शियलखालची वाळू काढा, हवा आणखी सोडा, स्टिअरिंग सरळ, लो रेंज, आणि आधी मागेच, आपल्याच चाकोरीतून. पुढे जायचा हट्ट नको. दोन ट्रॅक्शन बोर्ड (चाकांखाली घालायच्या फळ्या) आणि लांब दांड्याचं फावडं पुरतं.

ओढून काढायची वेळ आली तर आधी पक्के हुक लावून घेतलेले असू द्या. या गाडीला पुढे बहुधा हुक नसतात, वाहतुकीसाठी बांधायची भोकं हुक म्हणून वापरू नका. टो बॉलला (ट्रेलर जोडायचा गोळा) पट्टा अडकवणं तर अजिबात नाही. तो तुटला की गोळीसारखा येतो, माणसं गेली आहेत.

गाडी तापली तर हीटर पूर्ण सोडा, नाक वाऱ्याकडे, न्यूट्रलमध्ये 1,500 आरपीएमला काही मिनिटं. रेडिएटरचं झाकण उघडू नका.

नकाशावाली

लॉकरचे वाचलेले पैसे दोन सरावांना द्या. पहिला एका दिवसाचा, दुसरा सलग तीन दिवसांचा. तिसऱ्या दिवशीच कळतं की थकल्यावर कोण गप्प होते आणि कोण घाई करते. आत्ताच ठरवून ठेवा: सिग्नल द्यायचा शब्द एकीचाच (नेव्हिगेटरचा), पण "थांब" म्हणायचा हक्क दोघींना, आणि थांबल्यावर कारण विचारायचं नाही, आधी थांबायचं. चालकाने दर वेळी ओडोमीटरचा आकडा मोठ्याने सांगायचा, नेव्हिगेटरने तोच परत म्हणायचा. एका काळ्या चेकपॉइंटसाठी वीस मिनिटं शोध, त्यापुढे नाही. त्याच्या नादात पुढचे तीन बंद होतात.